व्यस्त प्रमाण आणि मजुराचा हिशेब



या वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावणे पाठविले, तेव्हा कामगार चळवळीतले आमचे अनुभव आम्ही सांगावेत असे त्यांच्या मनात होते. आम्ही त्यांना कळविले की आम्ही गणितावर बोलणार, आणि तेही आठवीच्या पुस्तकातल्या एका प्रकरणावर. चालक बुचकळ्यात पडले असावेत. युनियनच्या माणसाने संपावर बोलावे, भांडवलदारावर बोलावे. बीजगणिताशी त्याचे काय नाते? शिवाय आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, रात्री, धाकट्या बहिणीच्या जुन्या पुस्तकांवरून. तेव्हा समोर गणिताचे शिक्षक बसले आहेत त्यांना आमची विनंती आहे की, आमचे काही चुकले तर त्यांनी तिथल्या तिथे हात वर करावा. हमालांच्या सभेत आमची चूक काढणारे पुष्कळ असतात, त्यामुळे आम्हांस त्याची सवय आहे.

विषय आहे व्यस्त प्रमाणाचा. जुन्या माणसांनी त्याला व्यस्त त्रैराशिक म्हणून ओळखले असेल. हा विषय आम्ही का निवडला त्याचे कारण आमच्या एका चुकीत आहे. त्या चुकीचे पैसे आम्हांला भरावे लागले नाहीत, दुसऱ्यांनी भरले. ती गोष्ट पुढे येईलच. आधी गणित.

एका शेतात निंदणी आहे. बारा बाया लावल्या तर पाच दिवसांत शेत निंदून होते. पंधरा बाया लावल्या तर किती दिवस लागतील? समप्रमाण नुकतेच शिकलेली पुष्कळ मुले बाराला पाच तर पंधराला किती असे मांडतात आणि सव्वासहा दिवस असे उत्तर लिहून मोकळी होतात. बाया वाढल्या आणि दिवसही वाढले! ज्याने निंदणीचे खुरपे एकदा हातात धरले आहे तो हे उत्तर ऐकून हसेल. म्हणून आम्ही रात्रीच्या वर्गात पहिली सवय लावतो ती ही की, कागदावर काही लिहिण्याआधी तोंडाने म्हणावयाचे: बाया वाढल्या तर दिवसांचे काय होईल? कमी होतील. मग दुसरा प्रश्न: हे सारे बदलत असता न बदलणारे काय आहे? न बदलणारे आहे शेत. त्या शेताचे काम साठ बायांच्या एका दिवसाइतके आहे. बारा गुणिले पाच म्हणजे साठ. आता पंधरा बायांना क्ष दिवस लागतात असे धरा. पंधरा गुणिले क्ष बरोबर साठ, म्हणून क्ष बरोबर चार. एवढेच समीकरण. बाया आणि दिवस यांचा गुणाकार स्थिर राहतो, एक दुप्पट झाले की दुसरे निम्मे होते, यालाच व्यस्त प्रमाण म्हणावयाचे.

येथे एक खाचखळगा आहे, त्यात शहाणी मुलेही पडतात. एक वाढते आणि दुसरे घटते, एवढ्याने व्यस्त प्रमाण होत नाही. घरात साठ किलो ज्वारी आहे आणि रोज दोन किलो लागते. दिवस जातात तशी ज्वारी घटते हे खरे. पाचव्या दिवसाअखेर पन्नास किलो उरली. पाच पन्ने अडीचशे. दहाव्या दिवसाअखेर चाळीस उरली. दहा चोक चारशे. गुणाकार जुळत नाही. दिवस दुप्पट झाले, पण ज्वारी काही निम्मी झाली नाही. येथे ठरावीक वजाबाकी चालली आहे, व्यस्त प्रमाण नाही. तेव्हा घट दिसली की लगेच सूत्र लावू नये; दोन ठिकाणी गुणाकार करून पाहावा.

आणि गुणाकार जुळला तरी तो कुठपर्यंत जुळतो हेही पाहावे. आमच्या वर्गात एका पोराने विचारले, दिवस आठ तासांचा धरला तर हे शेत एका मिनिटात निंदून घ्यायला किती बाया लागतील? आम्ही फळ्यावर हिशेब केला. आठ तासांची मिनिटे चारशे ऐंशी. साठ गुणिले चारशे ऐंशी म्हणजे अठ्ठावीस हजार आठशे बाया. त्या शेताच्या बांधावरसुद्धा मावणार नाहीत, आणि निंदणी राहील बाजूला, पीकच तुडवले जाईल. पोरगा हसला, पण त्याने मोठी गोष्ट विचारली होती. सूत्र कागदावर कुठपर्यंतही जाते. शेत तसे जात नाही.

हे गणित आपण बाहेरून आणलेले नाही, उलट आपल्या खानदेशच्या मातीशी त्याचा जवळचा संबंध आहे. चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवीच्या परिसरात पाटण येथे एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिला, त्याची ही नोंद शके ११२८ ची, म्हणजे इ.स. १२०६-०७ ची आहे. लेखाचा मुख्य भाग संस्कृतात. पण शेवटी बाजारात येणाऱ्या मालावर मठाला काय काय द्यावयाचे ते सांगताना लेख मराठीत उतरतो. ज्या मठात गणित शिकवावयाचे त्याचा खर्च बाजारातल्या मापातून निघत होता, हे आम्हांस फार सूचक वाटते. माप भरणारे आणि गणित करणारे एकमेकांपासून इतके दूर नव्हते.

भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा, आणि लीलावती ज्यात येते तो सिद्धान्तशिरोमणी त्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली रचिला. लीलावतीत व्यस्त त्रैराशिकाचा नियम आहे, आणि तो कुठे लावावयाचा त्याची ठिकाणेही दिलेली आहेत. धान्याची रास वेगळ्या मापाने मोजताना, सोन्याचा कस आणि वजन जुळविताना, आणि वयावरून जिवांची किंमत करताना. धान्याचे उदाहरण असे आहे की, सात आढकांच्या मापाने मोजले असता राशीत शंभर मापे भरतात, तर पाच आढकांच्या मापाने किती भरतील? रास तीच, म्हणून सातशे भागिले पाच, एकशे चाळीस मापे. माप लहान, संख्या मोठी. हे उदाहरण लक्षात असू द्या, कारण आमची चूक नेमकी याच जागी झाली.

पण त्याआधी तिसऱ्या ठिकाणाविषयी दोन शब्द बोलल्यावाचून राहवत नाही. सोळा वर्षांच्या स्त्रीला बाजारात बत्तीस मिळतात, तर वीस वर्षांच्या स्त्रीला किती, असे एक उदाहरण त्या ग्रंथात आहे. सोळा गुणिले बत्तीस पाचशे बारा, भागिले वीस. उत्तर पंचवीस पूर्णांक तीन पंचमांश. त्याच्या जोडीला बैलाचेही उदाहरण आहे. आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले होते. मग राग ओसरल्यावर पुन्हा उघडले आणि हिशेब पुढे चालवून पाहिला. याच सूत्राने आठ वर्षांच्या मुलीची किंमत चौसष्ट होते, म्हणजे सोळा वर्षांच्या स्त्रीच्या दुप्पट. मजुरीसाठी माणूस विकत घेणारा असा दर कधी देईल काय? म्हणजे वय आणि किंमत यांचा गुणाकार स्थिर आहे हा काही सृष्टीचा नियम नव्हे. माणसे विकत घेणाऱ्यांनी एका वयापुढे तो सोयीसाठी धरलेला होता. त्या काळच्या बाजारात जी रीत होती ती आचार्यांनी लिहून ठेवली. त्यांच्यावर आमचा रोख नाही. धान्याच्या राशीत गुणाकार स्थिर असतो कारण रास डोळ्यांपुढे पडलेली असते. माणसाच्या किमतीत तो कोणी तरी धरून ठेवलेला असतो. शाळेच्या पुस्तकात ही दोन्ही उदाहरणे एकाच सूत्राने सुटतात आणि मार्कही सारखेच मिळतात. आम्ही वर्ग घेतो तो हा फरक सांगण्यासाठी.

आता आमची गोष्ट. खानदेशातल्या एका बाजारगावी आम्ही हमालांत काम करीत होतो. गावाचे आणि व्यापाऱ्यांचे नाव घेत नाही. आता त्यातले निम्मे लोक हयातही नाहीत. साल १९९६. हमालीचे दर पोत्यावर ठरलेले होते, आणि पोते शंभर किलोंचे. पोत्यामागे नव्वद पैसे. महाराष्ट्रात माथाडी हमालांचा कायदा १९६९ सालीच झाला होता, त्यासाठी अण्णासाहेब पाटलांनी आणि मुंबईच्या माथाड्यांनी केलेली धडपड सर्वांना ठाऊक आहे. पण कायद्यात लिहिलेले आडगावच्या बाजारात पोहोचेपर्यंत वाटेत बराच काळ जातो. तेव्हा दर ठरे तो बैठकीत, चहा पिता पिता.

त्या वर्षी व्यापाऱ्यांनी पन्नास किलोंची पोती आणली. हमालांच्या पाठीच्या दृष्टीने ही गोष्ट चांगलीच होती आणि आम्ही तिचे स्वागत केले. शंभर किलो पाठीवर घेऊन फळीवरून गाडीत चढणारा माणूस पंचेचाळिशीत म्हातारा होतो, हे आम्ही पाहत होतो. मग दराचा प्रश्न निघाला. व्यापाऱ्यांचा मुनीम हुशार होता. तो म्हणाला, वजन निम्मे, म्हणून दर निम्मा, पंचेचाळीस पैसे. आमच्या टोळीतल्या लोकांनी गलका केला. तेव्हा आम्ही, नव्यानेच बीजगणित शिकलेले पुढारी, उभे राहिलो आणि त्यांना समजावू लागलो. शंभर क्विंटल माल आहे. आधी त्याची शंभर पोती होत, आता दोनशे होतील. माप निम्मे, संख्या दुप्पट, व्यस्त प्रमाण. शंभर गुणिले नव्वद पैसे, नव्वद रुपये. दोनशे गुणिले पंचेचाळीस पैसे, नव्वद रुपयेच. तुमचा एक पैसाही बुडत नाही. मुनीमाने मान डोलावली. आमचे आम्हांलाच कौतुक वाटले. करारावर सही झाली, मुदत एक वर्ष.

आठवडाभराने टोळीतला एक वृद्ध हमाल रात्री कचेरीत आला. खाली बसला, पाय चोळू लागला, आणि म्हणाला, "भाऊ, तुनं गनित बराबर शे. पन पाय कोन मोजस?"

आम्हांस उत्तर सुचले नाही. दुसऱ्या दिवशी घड्याळ घेऊन गोदामात जाऊन बसलो. दिवसभर खेपा मोजल्या. थप्पीवरून पोते पाठीवर घेणे, गाडीपर्यंत नेणे, टाकणे आणि रिकाम्या पाठीने परत येणे, अशी एक खेप. शंभर किलोंच्या पोत्याची काही जुनी थप्पी शिल्लक होती, त्यामुळे दोन्ही मोजता आले. सेकंद सोयीसाठी पूर्ण दशकात धरतो: शंभर किलोंच्या खेपेला नव्वद सेकंद, पन्नास किलोंच्या खेपेला सत्तर. वजन निम्मे झाले म्हणून खेप पंचेचाळीस सेकंदांची होत नव्हती. कशी होईल? गाडी जिथे उभी तिथेच उभी होती. फळी तेवढीच उंच. परत येताना पाठ रिकामीच, मग मागचे पोते शंभरचे होते की पन्नासचे, याने परतीच्या वाटेला काय फरक पडतो?

त्या रात्री आम्ही पुन्हा समीकरण मांडले, आणि या वेळी नीट मांडले. खेपेच्या वेळात एक भाग वजनावर अवलंबून नाही, त्याला क्ष म्हणा. दुसरा भाग किलोमागे वाढतो, त्याला य म्हणा. क्ष अधिक शंभर य बरोबर नव्वद. क्ष अधिक पन्नास य बरोबर सत्तर. वजा करा, पन्नास य बरोबर वीस, म्हणून य म्हणजे किलोमागे दोन पंचमांश सेकंद, आणि क्ष पन्नास सेकंद. प्रत्येक खेपेत पन्नास सेकंद हे नुसत्या पायांचे होते. पोती दुप्पट झाली तेव्हा मालाचे वजन वाढले नाही, पण ते पन्नास सेकंद दुप्पट झाले.

आता दराचे पाहा. जुन्या दराने नव्वद सेकंदांना नव्वद पैसे, सेकंदाला पैसा. शंभर क्विंटल माल शंभर खेपांत, नऊ हजार सेकंदांत, म्हणजे अडीच तासांत हलत असे आणि नव्वद रुपये मिळत. नव्या पोत्यांनी दोनशे खेपा, प्रत्येकी सत्तर सेकंद, चौदा हजार सेकंद. जवळजवळ तीन तास त्रेपन्न मिनिटे. मिळावयाचे तेच नव्वद रुपये. तासाचे छत्तीस रुपये होते ते तेवीसवर आले. पोत्याचा खरा दर सत्तर पैसे हवा होता, आम्ही पंचेचाळिसावर सही करून आलो होतो. पोत्यामागे पंचवीस पैसे आम्ही आमच्या हुशारीने घालविले, आणि तेही स्वतःचे नव्हेत.

मुनीमाला हे ठाऊक होते काय? आम्हांस वाटते, नव्हते. त्याने खोटे बोलून फसविले असते तर आमच्या मनाला एवढी टोचणी लागली नसती. त्याने रास मोजली, आम्हीही रास मोजली. त्याच्या बाजूने रास मोजणे बरोबर होते, कारण त्याला मालाशी काम. आमच्या बाजूने मोजावयाची वस्तू वेगळी होती. वर्षभर ते पंचेचाळीस पैसे चालले. पुढच्या कराराला आम्ही घड्याळातले आकडे घेऊन बसलो. साठ पैसे मिळाले, सत्तर नाहीत. तो वृद्ध हमाल पुढचा करार पाहावयास कामावर राहिला नव्हता.

हे झाल्यावर आम्हांस जुन्या चळवळींकडे पाहण्याची निराळी दृष्टी आली. आपल्या शहादे तालुक्याचेच पाहा. १९७२ साली येथे श्रमिक संघटना उभी राहिली, अंबरसिंग सुरतवंती, ज्यांना लोक अंबरसिंग महाराज म्हणत, त्यांच्यासारखी माणसे त्यात होती. सालदारांचा प्रश्न तेव्हा मोठा होता. सालदाराचा पगार वर्षाचा ठरलेला, कामाचे तास न ठरलेले. तासाचा दर आणि एकूण तास यांचा गुणाकार म्हणजे सालाचा पगार; तो बांधलेला आहे, म्हणून सालदार जितका जास्त राबेल तितका त्याचा तास स्वस्त होतो. कष्टाळू माणसाला सर्वांत कमी दर! पहाटे गोठ्यात आणि रात्री पाण्यावर, म्हणजे सोळा तास, तर आठ तासांच्या मानाने दर निम्मा. येथे पगार वाढवून मागणे जितके महत्त्वाचे तितकेच तास बांधून घेणे महत्त्वाचे, हे व्यस्त प्रमाणावरून उघड दिसते.

मुंबईच्या गिरण्यांत हेच प्रमाण दुसऱ्या रूपाने आले. विणकर दोन माग चालवीत असे. मालकांनी तीन माग द्यावयाचे ठरविले. सहाशे मागांचे खाते असेल तर दोन-दोन मागांना तीनशे विणकर, तीन-तीन मागांना दोनशे. माग स्थिर, म्हणून शंभर माणसे बाहेर. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चाललेल्या सार्वत्रिक संपात सुमारे दीड लाख कामगार होते, आणि या वाढीव मागांचा प्रश्न त्यातल्या मुख्य प्रश्नांपैकी एक होता. पण त्यावरही एक प्रश्न विचारता येतो: माग सहाशेच का राहावे? कापड खपत असेल तर नऊशे माग घाला, तीनशेचे तीनशे विणकर राहतील. गुणाकार वाढविता येतो; पण तो वाढविण्याचा अधिकार विणकराच्या हाती नसतो, आणि तोपर्यंत त्याला भाकरी हवी असते.

तासांच्या बाबतीत हे प्रमाण मजुराच्या बाजूनेही उभे राहते, हेही सांगितले पाहिजे. यंत्र चोवीस तास चालवावयाचे, तर बारा तासांच्या दोन पाळ्या किंवा आठ तासांच्या तीन. तास घटले की माणसे वाढतात. आपल्याकडे कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषाचा दिवस १९११ च्या कायद्याने बारा तासांवर आला, १९२२ साली अकरावर, १९३४ साली दहावर, आणि १९४६ च्या दुरुस्तीने आठवडा अठ्ठेचाळीस तासांचा झाला, तोच १९४८ च्या कायद्यात कायम राहिला. दर वेळी मालकांचे म्हणणे ठरलेले असे की तास कमी केले तर माल त्याच प्रमाणात कमी निघेल. म्हणजे ते समप्रमाण धरून चालत. जर्मनीत येना येथील झाइस या भिंगांच्या कारखान्यात एर्न्स्ट आबे यांनी १९०० साली हे तपासून पाहिले. दिवस नऊ तासांचा होता तो आठ केला. माल तेवढाच निघावयाचा तर व्यस्त प्रमाणाने वेग नवास आठ या मानाने, म्हणजे शेकडा साडेबारा वाढला पाहिजे. उक्त्या कामावरच्या दोनशे तेहतीस कामगारांचा हिशेब ठेवला. त्यांची तासाची कमाई शेकडा सोळा वाढली. आठ तासांत नऊ तासांपेक्षा थोडा जास्तच माल निघाला. आबे हे स्वतः गणिती, आणि त्यांचे वडील गिरणीत राबलेले. दोन्हींचा उपयोग झाला असावा.

आता ज्यासाठी मुद्दाम म्हसावदला यावयाचे कबूल केले ते बोलतो. आखाजीच्या सुमारास आपल्याकडची माणसे ऊसतोडीवरून परत आलेली असतात; काही गुजरातेतल्या कारखान्यांकडून, काही घाटावरून. पावसाळ्यात पुढच्या हंगामाची उचल वाटली जाईल. उचल घेताना मुकादम विचारतो, रोज किती कापू? आणि आपला माणूस म्हणतो, दादा, थोडे थोडे काप. थोडे कापणारा मुकादम आपल्याला भला वाटतो. हे गणित करून पाहू.

समजा एका कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीने, तीस हजारांची उचल घेतली. रोज तीनशे कापले तर शंभर दिवसांत फिटते. रोज दीडशे कापले तर दोनशे दिवस. गुणाकार तीस हजार. शुद्ध व्यस्त प्रमाण. हंगाम पाच महिन्यांचा, दीडशे दिवसांचा धरला, तर दीडशेच्या कापणीने हंगाम संपताना साडेबावीस हजार फिटले आणि साडेसात हजार अंगावर राहिले. माणूस पुढच्या वर्षासाठी बांधला गेला.

परंतु पुष्कळ ठिकाणी एवढ्यावर थांबत नाही. उचलीवर व्याज असते, कुठे उघड, कुठे दुसऱ्या नावाने. महिन्याला शेकडा तीन धरा. तीस हजारांवर महिन्याचे नऊशे, दिवसाचे तीस. मूळ रकमेवरच व्याज चालू राहिले असे धरू, कारण बहुतेक ठिकाणी फिटलेली रक्कम वजा घालून व्याज कोणी मोजत नाही. आता रोज क्ष रुपये कापले तर त्यातले तीस व्याजात जातात, उरलेले मुद्दलात. दिवस य असतील, तर क्ष वजा तीस, गुणिले य, बरोबर तीस हजार. हमालाच्या खेपेत जसे पन्नास सेकंद होते तसे येथे हे तीस रुपये आहेत. तीनशे कापले तर दोनशे सत्तर मुद्दलात, दिवस एकशे अकरा. दीडशे कापले तर एकशे वीस मुद्दलात, दिवस अडीचशे. कापणी निम्मी केली, पण दिवस दुपटीहून जास्त झाले. साठ कापले तर तीसच मुद्दलात, हजार दिवस, म्हणजे दीडशे दिवसांचे जवळजवळ सात हंगाम. आणि मुकादम फारच दयाळू निघाला आणि त्याने रोज तीसच कापले, तर? क्ष वजा तीस म्हणजे शून्य. शून्याला कोणत्याही आकड्याने गुणा, तीस हजार होत नाहीत. समीकरणाला उत्तरच नाही. फळ्यावर याची आकृती काढली तर वक्र रेषा वर वर चढत जाते आणि तिसाच्या रेषेला कधी टेकत नाही. शाळेत ही आकृती मुलांना फार आवडते. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा आपल्या देशात १९७६ सालचा आहे. त्यात ज्याला बांधील कामगार म्हटले आहे तो कसा तयार होतो, ते त्या रेषेत दिसते.

यावर कोणी म्हणेल, मग रोज जास्त कापू द्यावे काय? रोजच्या मिळकतीतून तीनशे गेले तर खायचे काय? ही अडचण खरी आहे आणि आमच्याकडे तिचे सोपे उत्तर नाही. आम्ही एवढेच सांगतो की मुकादमाशी बोलणे कापणीवर करू नये. बोलणे त्या तीस रुपयांवर करावे. तीस रुपये गेले की दीडशेच्या कापणीचे दिवस अडीचशेवरून दोनशेवर येतात, आणि तुमच्या रोजच्या खर्चाला एका पैशाचाही धक्का लागत नाही. शिवाय फिटलेली रक्कम मुद्दलातून वजा घालून लिहून घ्यावी. जे कापले ते, तारीख, उरले ते, तीन रकाने. वही नसेल तर घराच्या भिंतीवर कोळशाने लिहा, पण लिहा. आमच्या माहितीतल्या एका बाईने मुलाच्या पाटीमागे रेघा मारून हंगामभराचा हिशेब ठेवला होता, आणि मुकादमाच्या वहीत अकरा दिवसांची कापणी नोंदलेली नाही हे त्या पाटीने सिद्ध झाले. बाईला अक्षर येत नव्हते.

वेळ बरीच झाली, आणि पाड्यांवर परत जाणाऱ्यांना अंधारातून जावयाचे आहे. उद्या आम्ही म्हसावदलाच आहोत. सकाळी आठ वाजता शाळेच्या ओसरीवर दोन शिक्षकमित्र आणि आम्ही फळा घेऊन बसणार आहोत. त्यांनी तसे कबूल केले आहे. ज्यांच्याकडे उचलीची चिठ्ठी असेल त्यांनी ती घेऊन यावी. चिठ्ठी नसेल तर किती घेतले, किती दिवस तोडले आणि हाती काय आले, एवढे आठवून यावे. मुलांना बरोबर आणावे. आठवीतली मुले असतील तर खडू त्यांच्याच हाती देऊ.